श्रीहरिकोटा: आधी रॉकेट, मग रोहित

श्रीहरिकोटा म्हणजे इस्रोची रॉकेटं जिथून उडतात ते आंध्रातलं बेट. बडोद्याहून नवजीवन एक्स्प्रेसने गुडूर, पुढे लोकलने बेटाजवळचं सुल्लूरपेटा स्टेशन. इस्रोच्या प्रेक्षक गॅलरीची नोंदणी ऑनलाइन करा. मूळ ओळखपत्र जवळ हवंच. उड्डाण ऐनवेळी पुढे ढकललं जातं, म्हणून परतीचं तिकीट दोन दिवस सोडून काढा. ज्वाळा आधी दिसते, गडगडाट किलोमीटरमागे साधारण 3 सेकंदांनी येतो. पहिलं उड्डाण नुसत्या डोळ्यांनीच बघा, मोबाइलच्या नादात ते निसटतं.

हिवाळ्यात बेटालगतच्या पुलिकत सरोवरावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, उतरतात. बेटाचा रस्ता पाण्यातूनच जातो. सकाळी सूर्य पाठीशी घ्या, दुर्बीण 8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची. रोहित डोकं उलटं करून चोचीने चिखलपाणी गाळतो. थव्याने एकदम माना वर केल्या, की तुम्ही फार जवळ आलात. हळूच मागे सरका. दुर्बिणीवर हात आधी बडोद्याकडेच, डभोईजवळच्या वढवाणा तलावावर बसवून घ्या.