इटालियन आणि असमिया यांची तुलना करताना या चुका टाळा

इटालियन आणि असमिया या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. एक लॅटिनमधून आली, दुसरी पूर्वेकडच्या मागधी प्राकृताच्या वळणातून. नातं खरं आहे, पण फार लांबचं. म्हणून तुलना फसते ती बहुतेक वेळा मोजपट्टी चुकल्यामुळे. आपण स्पेलिंगवरून उच्चार ठरवतो, किंवा नकळत मराठीचं व्याकरण दोघींवर लादतो.

खाली असमिया शब्द लेखनाप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. उच्चार वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे. इटालियन शब्द मात्र उच्चाराप्रमाणे आहेत.

सारखा शब्द दिसला की नातं जोडणं

इटालियनमध्ये साबणाला 'सापोने' आणि चावीला 'क्यावे' म्हणतात. असमियात 'चाबोन' आणि 'चाबि'. हे शब्द जुन्या नात्याचा पुरावा म्हणून यादीत घातले जातात, आणि तिथेच घोटाळा होतो. असमियातले दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत, आपले 'साबण' आणि 'चावी' आले तसेच. पोर्तुगीज आणि इटालियन या लॅटिनच्या लेकी, म्हणून शब्द जुळतात. असमियाचं त्यात वारशाचं काही नाही.

खरं नातं नियमित ध्वनिबदलात सापडतं. 'दूए–दुइ' (दोन), 'दिएची–दह' (दहा), 'देंते–दाँत' या तीन जोड्या बघा. तिन्हींत सुरुवातीचा 'द' टिकला आहे. आता 'दिएची–दह' यांचा शेवट आणि 'चेंतो–श' (शंभर) यांची सुरुवात पाहा. आजच्या रूपांत काही जुळत नाही. पण एक पायरी मागे जाऊन लॅटिन 'देकेम', 'केंतुम' आणि संस्कृत 'दश', 'शत' शेजारी ठेवले की लॅटिन 'क' ला संस्कृत 'श' हे नातं दोन्ही जोड्यांत दिसतं.

म्हणून यादी करताना क्रम असा ठेवा. स्वदेश यादीतले (मॉरिस स्वदेश या भाषाशास्त्रज्ञाने केलेली, रोजच्या मूलभूत शब्दांची यादी) १०० मूळ शब्द घ्या. चार रकाने आखा: इटालियन, लॅटिन, संस्कृत किंवा प्राकृत, असमिया. तत्सम आणि उसने शब्द आधी वेगळे काढा. असमियातला 'सूर्य' थेट संस्कृतातून उचललेला आहे, त्यावरून असमियाच्या ध्वनिबदलाबद्दल काही कळत नाही. मग एकच ध्वनिसंबंध निदान तीन शब्दांत दिसल्याशिवाय त्याला नियम म्हणू नका.

लिहिलं तसं वाचणं

मराठी वाचक इथे सर्रास अडकतो, कारण असमिया लिपीतली अक्षरं देवनागरीशी एकास एक जुळतात, उच्चार मात्र जुळत नाहीत. श, ष, स ही तिन्ही अक्षरं एरवी घशाजवळच्या घर्षक 'ख़' सारखी उच्चारली जातात. 'असम' चा उच्चार 'ऑख़ॉम', 'सात' चा 'ख़ात'. हा आपला 'ख' नव्हे. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूजवळ न्यायचा, पण चिकटवायचा नाही, हवा घासत बाहेर सोडायची. उलट च आणि छ यांचा उच्चार 'स' होतो, म्हणून 'चाह' हा शब्द 'साह' असा ऐकू येतो. ट आणि त यांत उच्चाराचा फरकच नाही, दोन्हींसाठी जीभ दातांमागच्या हिरडीला लागते. मराठी 'ट' सारखी ती मागे वळवली की बोलणं लगेच परकं वाटतं. इटालियन 'त' मात्र दंत्य आहे, आपल्या 'त' सारखा.

इटालियनमध्ये घात होतो तो जोडव्यंजनांत. 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. पहिल्यात 'पा' लांबवायचा, दुसऱ्यात तो आखूड ठेवून 'ल' वर थांबायचं.

'ओ' आणि 'ऑ' हा भेद दोन्हींकडे अर्थ बदलतो. इटालियन 'बोत्ते' म्हणजे पिंप, 'बॉत्ते' म्हणजे मार, आणि दोन्हींचं स्पेलिंग एकच. असमियात 'कॉला' म्हणजे बहिरा, 'कोला' म्हणजे काळा. इथे लेखन मदत करतं, कारण दुसरा शब्द क वर ऊर्ध्वचिन्ह (') देऊन लिहितात.

मराठीचा 'ने' घुसवणं

आपण 'रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' म्हणतो. भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. असमियात 'रामे आम खाले' पाहिलं की तोच प्रयोग वाटतो. पण वर्तमानातही 'रामे आम खाय' असंच म्हणतात, म्हणजे 'ए' चा भूतकाळाशी संबंध नाही, क्रियापद सकर्मक असण्याशी आहे. अकर्मक 'आला' साठी 'राम आहिल' होतं, 'ए' गळतो. आणि क्रियापद कायम कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे चालतं: मइ खालों, तुमि खाला, तेओं खाले. कर्माचं लिंग बघायचं नाही, कर्त्याचंही नाही.

आश्चर्य म्हणजे आपल्या 'खाल्ली' ची आठवण करून देणारं रूप इटालियनमध्ये आहे. 'ओ मांजातो ला मेला' (मी सफरचंद खाल्लं) यात कृदंत बदलत नाही. पण स्त्रीलिंगी 'मेला' ऐवजी सर्वनाम क्रियापदाआधी आलं की 'लो मांजाता' होतं, कृदंत कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी होतं. हा भाग मराठी माणसाला इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीतून लवकर कळतो.

आदरार्थी रूपं

'तुम्ही' अनेकवचनी, म्हणून इटालियनमध्ये 'वोई' वापरायचं, ही चूक हमखास होते. प्रमाण इटालियनमध्ये एका व्यक्तीसाठी आदरार्थी 'लेई' आहे आणि क्रियापद तृतीय पुरुष एकवचनी. असमिया 'आपुनि' चंही तसंच, 'तेओं' चंच क्रियापद तिथे चालतं. आज्ञार्थातही दोघी एकाच वाटेने जातात: 'या' साठी इटालियन 'वेंगा', असमिया 'आहक'. 'लेई' सोबत 'वियेनि' म्हटलं तर ते 'तू ये' होतं.

नकार आणि वर्गवाचकं

इटालियन 'नोन' क्रियापदाआधी सुटा राहतो. असमिया 'न' क्रियापदाला चिकटतो आणि त्याचा स्वर धातूच्या पहिल्या स्वराप्रमाणे बदलतो: नकरे, नाखाय, निलिखे, नुशुने, नेदेखे. सगळीकडे 'न' लावून तक्ता बनवला तर अर्धा चुकतो.

असमिया 'कितापखन' (ते पुस्तक) मधला 'खन' हे वर्गवाचक आहे, म्हणजे वस्तूचा प्रकार दाखवणारा प्रत्यय. त्याला इटालियन 'इल' चा (इंग्रजी 'द' सारख्या उपपदाचा) जोडीदार मानू नका. 'इल, लो, ला' नामाच्या लिंगावर आणि पुढच्या ध्वनीवर ठरतात. 'खन' पसरट वस्तूंना, 'डाल' लांबट वस्तूंना, 'जन' आदरणीय माणसाला, 'जनी' स्त्रीला आणि मादीला. शिवाय 'एखन किताप' (एक पुस्तक) मध्ये तोच 'खन' अंकाला लागतो. 'जनी' मुळे असमियात व्याकरणिक लिंग आहे असंही समजू नये, कारण 'गेला' आणि 'गेली' दोन्हींसाठी क्रियापद एकच.

असमिया मजकूर टाइप करताना बंगाली कीबोर्ड वापरू नका. बंगाली 'र' खाली टिंब घेऊन येतो, असमिया 'र' च्या पोटात तिरकी रेघ असते. युनिकोडमध्ये ही वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे चुकीच्या 'र' ने लिहिलेला शब्द शोधात सापडत नाही आणि शब्दयादीत तोच शब्द दोनदा मोजला जातो. मोजणीआधी एकदा फाइंड-रिप्लेस करून सगळे 'र' सारखे करून घ्या.