प्युअर डेटा: बायक्वाड~ मुका का झाला होता

मॅक्स आणि प्युअर डेटा ही दोन्ही डबे जोडून आवाज घडवायची सॉफ्टवेअर्स; अशा जोडणीला पॅच म्हणतात. मॅक्समधला रेझोनंट लो-पास पॅच (कटऑफच्या वरचे सूर दाबणारा आणि कटऑफपाशी आवाज उचलणारा फिल्टर) प्युअर डेटामध्ये उतरवला आणि आवाजच गेला. प्युअर डेटाचा साधा लो-पास डबा लॉप~ एकाच पोलचा, म्हणजे अगदी प्राथमिक, त्याला रेझोनन्स (कटऑफपाशी ती उचल) नाही, म्हणून पाच गुणांकांवर चालणारा फिल्टर-डबा बायक्वाड~ घेतला होता. गुणांक तीनदा तपासले, बरोबरच होते.

घोळ दोन ठिकाणी निघाला. मॅक्सचा बायक्वाड~ आधी फीडफॉरवर्डचे (येणाऱ्या सिग्नलला लागणारे) तीन आकडे मागतो, प्युअर डेटा आधी फीडबॅकचे (फिल्टरमध्ये परत फिरणाऱ्या सिग्नलचे) दोन आकडे. शिवाय मॅक्स फीडबॅक वजा करतो, प्युअर डेटा मिळवतो. म्हणजे त्या दोन्ही आकड्यांची चिन्हं उलटवायची. न उलटवल्यास फिल्टर अस्थिर ठरतो आणि प्युअर डेटा पाचही गुणांक शून्य करतो. म्हणून ती शांतता! एरर मात्र कुठेच दिसत नाही, आणि यातच माझे दोन दिवस गेले.

सॅम्पल रेट ४४१००, कटऑफ १००० हर्ट्झ, क्यू (रेझोनन्सची तीव्रता) ४ असेल तर प्युअर डेटाच्या बायक्वाड~ला पाठवायचा संदेश असा: १.९४५२१ -०.९६५१२ ०.००४९८ ०.००९९६ ०.००४९८. कटऑफपाशी आवाज चौपट, साधारण १२ डेसिबल वर येतो. सॉ-टूथवर (करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या लहरीवर) तो फार गोड लागतो.

कटऑफ सतत हलवायचा असेल तर प्युअर डेटाचाच दुसरा फिल्टर-डबा व्हीसीएफ~ बरा, कारण तो कटऑफ सिग्नल म्हणून घेतो. फक्त लो-पास त्याच्या उजव्या आउटलेटमधून घ्या, डावीकडून बँडपास (फक्त कटऑफच्या आसपासचा पट्टा) येतो.