इंग्लंडला कामाला गेलेल्या आयरिश आजीचा माग कसा काढायचा

आधीच सांगते, मी मूळची सांगलीची, आयर्लंडशी माझं नातं फक्त नवऱ्यामुळे. त्याच्या आईची आई, जिला घरात सगळे नॅन म्हणायचे, ती १९५१ ला मेयो काउंटीतून मँचेस्टरला नर्सिंग शिकायला आली, एवढंच सगळ्यांना माहीत. कुठलं गाव, कुठलं हॉस्पिटल, कोणाबरोबर आली, काही पत्ता नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ती कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही." नॅन जाऊन बरीच वर्षं झाली, मग शोधायला बसले मीच, कारण या घरात रिकामा वेळ आणि नको तिथे नाक खुपसायची सवय दोन्ही माझ्याकडेच आहे. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांच्या सासरी आता अशी एखादी आयरिश आजी निघते, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

मी पहिली चूक केली ती तुम्ही करू नका. मी तीन आठवडे बोटीच्या पॅसेंजर लिस्ट शोधत होते. अमेरिकेला गेलेल्यांच्या याद्या असतात ना, तशा इथेही असतील असं वाटलं. नसतात हो. आयर्लंड ते ब्रिटन हा प्रवास लोकलसारखाच धरला जायचा, त्याच्या याद्या ठेवल्याच गेल्या नाहीत, आणि आयरिश माणसाला ब्रिटनमध्ये राहायला नागरिकत्वाचा अर्जही करावा लागत नव्हता, म्हणजे ती फाइलही नाही. त्यामुळे १९५० च्या दशकात आयर्लंडमधून एकूण चारेक लाख माणसं वजा झाली, त्यातली बहुतेक ब्रिटनला गेली, आणि बोटीच्या पायरीवर त्यांचं नाव कोणी लिहून घेतलं नाही. शोधायचं असेल तर कामाच्या बाजूने शोधायचं. पोरगी कामाला गेली होती ना, मग कामाच्या जागी तिचा कागद झालेला असणार.

पण कंप्युटर उघडायच्या आधी घर उपसा. आमच्याकडे डॅनिश कुकीजचा तो निळा डबा निघाला, आत कुकीज नसून सुया-दोरेच असणार हे मला सांगलीपासून माहीत होतं, पण बटणांच्या खाली एक बॅज होता. नर्सचा, चांदीसारखा, काळा पडलेला. सासूबाई म्हणाल्या, हा तर मी लहानपणी खेळायला घ्यायचे. मी टूथपेस्ट लावून घासणार होते, नवऱ्याने ओरडून थांबवलं, बरं झालं (असल्या वस्तू कधीच घासू नका, नुसत्या सुक्या मऊ कापडाने पुसा). उलटा केला तर मागे बारीक कोरलेलं होतं, आडनाव आणि १९५५ ची तारीख. तिरक्या उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढला तेव्हा कुठे नीट वाचता आलं. लग्नाआधीचं आडनाव, त्यातही स्पेलिंग आम्ही समजत होतो त्याहून वेगळं. तीन आठवड्यात जे मिळालं नाही ते त्या डब्यात होतं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मेमोरियल कार्ड. आयरिश घरात माणूस गेलं की छोटं कार्ड छापतात, फोटो, प्रार्थना, मृत्यूची तारीख, बऱ्याचदा गावाचं नाव पण. ही कार्डं प्रार्थनेच्या पुस्तकात पानांमध्ये खोचलेली असतात. इंग्लंडला गेलेल्या मुलीला आई-वडील, काका, शेजारी अशा सगळ्यांची पोस्टाने यायची. आमच्याकडे अकरा निघाली आणि त्यातल्या चारांवर एकच गाव होतं, मग अजून काय पाहिजे.

नावांचा गोंधळ इथेच निस्तरून घ्या, नाहीतर पुढे सगळं चुकतं. कागदावर ब्रिजेट असलेली बाई घरात ब्रायडी, डीलिया, ब्रीड, काहीही असू शकते. मार्गारेटची पेगी होते, मेरीची मॉली नाहीतर मॉरा. शाळेच्या कागदावर आयरिश भाषेतलं नाव असेल तर आडनाव अजून तिसरंच दिसतं, कारण मुलीच्या आडनावाआधी नी किंवा निक लागतं, म्हणजे इंग्रजीतली ओब्रायन तिथे नी व्रिअन होते. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, लाडाचं नाव आणि शाळेतलं नाव असतंच की, तसंच धरा.

आता कागद. उलटीकडून सुरू करा, म्हणजे मृत्यूपासून. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल १९६९ नंतरच्या डेथ सर्टिफिकेटवर जन्मतारीख आणि जन्मस्थळ असतं, आणि लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनावही. कधी नुसतं 'काउंटी मेयो' लिहिलेलं असतं, कधी गाव. मग लग्न. १९१२ पासूनच्या मॅरेज इंडेक्समध्ये (लग्नांच्या सरकारी सूचीत) जोडीदाराचं आडनाव दिसतं, फ्रीबीएमडी नावाच्या साइटवर फुकट बघता येतं, आणि सर्टिफिकेट मागवलं की दोघांच्या वडलांचं नाव आणि धंदा कळतो. लग्न सापडत नसेल तर मुलांवरून जा, जन्माच्या इंडेक्समध्ये १९११ च्या उत्तरार्धापासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं.

जनगणनेच्या मागे लागू नका. १९५१ ची इंग्लंडची शिरगणती शंभर वर्षांच्या नियमात बंद आहे, म्हणजे २०५२ पर्यंत थांबा. १९३९ चं रजिस्टर, म्हणजे तेव्हा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांची यादी, मिळतं पण तेव्हा आपली बाई आयर्लंडमध्ये शाळेत होती. आयर्लंडच्या बाजूला १९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे, त्यात तिचे आई-वडील लहान मुलं म्हणून सापडतील. पुढची १९२६ ची, तिची शंभर वर्षांची मुदत एप्रिल २०२६ ला भरते. नॅन १९३२ ची, तिचं नाव त्यात नसणारच, पण घर असणार.

मग काम. नर्स असेल तर तुम्ही नशीबवान. जनरल नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, रजिस्टर्स आहेत, मूळ कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आणि १९६८ पर्यंतची स्कॅन केलेली पैसे भरून बघायच्या एका मोठ्या साइटवर, बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये ती साइट फुकट वापरता येते, आधी तिथे विचारा. नाव, नोंदणीची तारीख, ट्रेनिंग कुठे झालं हे मिळतं. तीन वर्षं शिकून एसआरएन, म्हणजे स्टेट रजिस्टर्ड नर्स. दोन वर्षांच्या ट्रेनिंगवाल्या एनरोल्ड नर्सेसची यादी वेगळी, आयरिश मुली त्यातही भरपूर होत्या, एका यादीत नाही सापडली म्हणून हात टेकू नका. ट्रेनिंगचं हॉस्पिटल कळलं की ते नाव आर्काइव्हजच्या कॅटलॉगमध्ये टाका, कागद कुठल्या शहराच्या अर्काइव्हमध्ये आहेत ते दिसतं. हॉस्पिटल बंद झालेलं असेल, नाव बदललेलं असेल. स्टाफचे कागद कित्येकदा बंद असतात, पण नातेवाईक आहे असं सांगून ईमेल केलात तर तिथले लोक स्वतः बघून ओळभर कळवतात, माझा तरी अनुभव चांगला आहे.

इंग्लंडच का, हेही इथे समजून घ्या, म्हणजे शोधायचं कुठे ते कळतं. आयर्लंडमध्ये नर्सिंग शिकायचं तर बऱ्याच हॉस्पिटलांना मुलीच्या घरच्यांनीच फी भरायची. इंग्लंडमध्ये उलट, ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, माणसं कमी, आणि शिकाऊ मुलीला थोडा का होईना पगार, राहायला खोली, जेवण, युनिफॉर्म. जाहिराती थेट आयर्लंडच्या जिल्हा पेपरांत यायच्या. शेतावरच्या पाच-सात भावंडांतल्या मुलीने काय करायचं? जमीन एका भावाला जाणार, गावात नोकरी नाही, आणि सरकारी खात्यात लागली तरी लग्न झाल्यावर राजीनामा, तो नियम तर १९७३ पर्यंत होता. १९४६ ते १९५१ मध्ये देश सोडणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरीवर घरं चालायची, तसंच तिथे होतं, फक्त मनीऑर्डर पाठवणारी कित्येकदा मुलगी असायची. म्हणून घरात जुन्या पाकिटांवरचे पोस्टाचे शिक्के आणि पावत्या फेकू नका, पत्ता आणि तारीख दोन्ही त्यावर मिळतात.

सगळ्याच नर्स नव्हत्या. हॉटेलात, श्रीमंतांच्या घरी, फॅक्टरीत, बसवर कंडक्टर, कितीतरी जणी. यांची यादी कुठेच नाही, तिथे मतदार यादी कामाला येते. आयरिश नागरिकांना ब्रिटनमध्ये मतदानाचा हक्क होता आणि आहे, त्यामुळे वय २१ झालं की नाव यादीत (१८ चं वय नंतर १९६९ ला झालं). या याद्या शहराच्या लायब्ररीत असतात, पत्त्याप्रमाणे लावलेल्या, म्हणून रस्ता माहीत असावा लागतो. आमची नॅन १९५३ ला २१ ची झाली, त्याच्या पुढच्या यादीत हॉस्पिटलच्या नर्सेस होमच्या पत्त्यावर आडनावांची ही लांबलचक रांग, त्यात ती. आणि तिच्याच खाली तिचं आडनाव असलेली अजून एक मुलगी! बहीण निघाली. अशी बहीण, मावशी, शेजारीण जवळपास नेहमी असते, एक जण आधी जायची आणि मग दुसरीला बोलवायची. म्हणून एकच नाव शोधू नका, वरची-खालची पण लिहून घ्या.

आता सगळ्यात भारी युक्ती, ही मला चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितली. कॅथलिक लोकांत १९०८ पासून नियम आहे, लग्न जगात कुठेही होवो, त्या चर्चने मुलीच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं, आणि तिथल्या रजिस्टरात तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते लिहायचं. म्हणजे मेयोतल्या खेड्यातल्या वहीत, १९३२ च्या ओळीच्या कडेला, मँचेस्टरमधलं १९५७ चं लग्न! गाव कळलं की तिथल्या पॅरिश ऑफिसला, म्हणजे चर्चच्या कार्यालयाला, साधं पत्र किंवा ईमेल करा, बाप्तिस्म्याची नोंद हवी आहे आणि समासातली नोंदही लिहून पाठवा असं स्पष्ट सांगा, नाहीतर फक्त मुख्य ओळ पाठवतात. थोडी देणगी द्या, घाई करू नका, तिथे एकच फादर तीन गावं बघत असतो.

जन्माचा सरकारी दाखला वेगळा. आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी साइटवर शंभर वर्षांपेक्षा जुने जन्म, पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुनी लग्नं आणि पन्नास वर्षांपेक्षा जुने मृत्यू स्कॅनसकट फुकट दिसतात. त्यानंतरचा दाखला जनरल रजिस्टर ऑफिसकडून मागवायचा. गावाच्या नावाने शोधू नका, रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्टच्या (नोंदणी विभागाच्या) नावाने शोधा, आमची नोंद स्विनफर्डच्या नावाखाली होती आणि मी उगीच गावाचं नाव टाकून टाकून दमले. तारखेतही दोन-चार आठवडे इकडेतिकडे धरा, उशिरा नोंदवलं तर दंड बसायचा म्हणून लोक तारीख पुढे सांगायचे. या दाखल्यावर आजी आयर्लंड बेटावर जन्मली हे सिद्ध झालं की नातवाला फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये (परदेशात जन्मलेल्यांच्या आयरिश नोंदवहीत) नाव घालून आयरिश नागरिकत्व मागता येतं, ब्रेक्झिटनंतर निम्मे लोक त्यासाठीच शोधतात, खोटं कशाला बोला, आम्हीही. नवऱ्याला मिळेल, आमच्या पोरांना नाही, कारण त्यांच्या जन्माआधी बापाची नोंद व्हायला हवी होती. ज्यांना अजून मुलं व्हायचीत त्यांनी हे वाक्य परत वाचा.

घरात कोणी म्हातारं माणूस जिवंत असेल तर हे सगळं सोडा आणि आधी त्यांच्याकडे जा. "तू देश का सोडलास" असलं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, नाहीतर ठरलेलं येतं. वस्तूंचं विचारा. सुटकेस कोणाची होती? डब्लिनला कुठल्या स्टेशनवर उतरलात? पश्चिमेकडच्या गाड्या वेस्टलंड रोला यायच्या, आता त्याला पीअर्स स्टेशन म्हणतात, तिथून डन लेअरी बंदर आणि रात्रीची, वेल्समधल्या होलीहेड बंदराची बोट. पहिल्या पगाराचं काय घेतलं, घरी किती पाठवलं, रविवारी नाचायला कुठे जायचात. नॅनच्या बहिणीला, ती आता नव्वदीपार, मी फोनवर विचारलं बोटीत काय खाल्लं, तर पाऊण तास बोलली. आईने बांधून दिलेलं सोडा ब्रेड, उलट्या, आणि शेजारी बसलेली एक मुलगी जी होलीहेडपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्या मुलीवरून एक सांगते, इथे जपून. काही मुली नोकरीसाठी नाही, लग्नाआधी दिवस गेले म्हणून निघायच्या. इंग्लंडमधल्या समाजसेवकांच्या फायलीत त्यांच्यासाठी तीन अक्षरं असायची, पीएफआय, म्हणजे आयर्लंडहून गरोदर आलेली. मूळ शोधताना एखादं मूल सापडलं जे घरात कोणाला माहीत नाही, तर फॅमिली ग्रुपवर टाकू नका, ते मूल आज सत्तरीचं माणूस असू शकतं. आयर्लंडमधल्या दत्तक नोंदींसाठी २०२२ च्या कायद्याने अधिकृत रस्ता झालाय, भेटायची इच्छा आहे की नाही हे दोन्ही बाजूंना नोंदवता येतं, त्यातूनच जा.

आमच्याकडे आता फोटो राहिलेत. नर्सेस होमच्या पायऱ्यांवर नऊ मुली, टोप्या घातलेल्या, मागे काही लिहिलेलं नाही. त्यातल्या चौघी नॅनच्या त्या नव्वदीपारच्या बहिणीने फोनवर ओळखल्या, मी स्कॅन मोठा करून पाठवला होता, डावीकडून दुसरी कोण विचारलं तर म्हणाली, "ती कॉर्कची, लग्न करून बर्मिंगहॅमला गेली, तिच्याकडे माझा कोट राहिला." मी प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने (पेनाने नको, शाई पलीकडे उमटते) नावं लिहून ठेवलीत, पाच जागा रिकाम्या सोडून.