रेल्वेच्या जुन्या ट्रॉलीला किंवा डब्याला वॉर्निंग लाईट घेताय? आधी हे बघा

गोव्यात वास्को-मुरगाव साईडला जुनी ट्रॉली, डबा असलं काही उभं करताय तर लाल लाईट फक्त लखलखाट बघून घेऊ नका, इथला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस गणेश चवथीपर्यंत सगळं सडवतो. निदान आयपी ६७ रेटिंगचा घ्या, म्हणजे आत धूळ जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरतो. आणि एक गंमत, जुन्या पितळी दिव्याची लाल काच तशीच ठेवून आत एलईडी बसवायचा असेल तर तो लालच घ्या, पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाश मुळातच कमी, काचेतून जेमतेम मिणमिणता दिसतो. व्होल्टेज १० ते ३० चालणारा बघा, स्टार्टर मारला की सप्लाय वरखाली होतो ना. स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे, पण ॲल्युमिनियमच्या बॉडीत ते थेट पिळू नका, मध्ये नायलॉन वॉशर आणि थोडं ग्रीस हवंच, नाहीतर खारट ओलीत ॲल्युमिनियम खाऊन जातं, माझा एक ब्रॅकेट असाच गेला. वायर खालून आत घ्या, वरून नको.