ओळी वर-खाली झाल्या की उत्तर का बदलतं

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम वरून खाली, एकेक ओळ पुरी करत जातो. मागच्या ओळीकडे तो आपणहून परत वळत नाही. हे पक्कं समजण्यासाठी एक छोटं बिल घेऊ. (व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या जागेची, नावं मराठीत चालतात, आकडे टाइप करताना मात्र इंग्रजीच हवेत.)

दर = ४०
नग = ३
रक्कम = दर * नग
नग = ५

शेवटी रक्कम किती? १२०. २०० नाही! गणितात = म्हणजे ‘बरोबर’; इथे मात्र ‘उजवीकडचं आत्ता काढ आणि डावीकडच्या नावात ठेव’. एक्सेलची सवय असलेले इथे हमखास फसतात, कारण तिथे नग बदलला की बेरीज-गुणाकार आपोआप बदलतात. इथे रक्कम काढायची ओळ नग बदलल्यानंतरच लिहायला हवी.

तीच ओळ सगळ्यात वर नेली तर ‘नेम एरर’ येतो, कारण दर अजून ठरलेलाच नाही. ही चूक बरी, ओळीचा क्रमांक तरी सांगते. गप्प राहणाऱ्या चुका जास्त त्रास देतात. उदाहरणार्थ, दहावीच्या गुणांवरून शेरा द्यायचा आहे. आधी ‘गुण ३५ किंवा जास्त असतील तर पास’ आणि त्याखाली एलिफमध्ये (‘वरची अट खरी नसेल तर ही तपास’) ‘७५ किंवा जास्त असतील तर विशेष प्रावीण्य’ लिहिलं, तर ८२ गुणांनाही नुसतं ‘पास’ मिळतं. पहिली अट खरी ठरली की खालच्या तपासल्याच जात नाहीत. म्हणून मोठा आकडा वर.

लूपमध्ये, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवताना, बेरीज करायची असेल तर ‘एकूण = ०’ लूपच्या आधी लिहा. आत लिहिलं तर दर फेरीला बेरीज पुसली जाते: ४०, ६०, १०० यांची बेरीज २०० ऐवजी १०० येते.

अदलाबदलीत तर क्रमच सर्वकाही. अ = ५, ब = ७ असताना ‘अ = ब’ आणि मग ‘ब = अ’ लिहिलं, की दोन्ही ७. पहिल्याच ओळीत ५ पुसला गेला. आधी तो बाजूला ठेवा:

राखीव = अ
अ = ब
ब = राखीव

उत्तर चुकतंय आणि एरर नाही, अशा वेळी कागद घ्या. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना आखा, एकेक ओळ वाचा, किंमत बदलली की जुनी खोडून नवी लिहा. मनात धरलेली किंमत आणि कागदावरची किंमत जिथे पहिल्यांदा वेगळी पडेल, तिथून वरच्या ओळी तपासा.