महाराणा प्रताप जयंतीला मेवाडात जायचं असेल तर

आधी तारीख नक्की करा, कारण घोळ इथेच होतो. प्रतापांचा जन्म ९ मे १५४०चा, म्हणून अनेकजण मे महिन्याचंच तिकीट काढतात. राजस्थानात मात्र सुट्टी आणि शोभायात्रा ज्येष्ठ शुद्ध तृतीयेला असते. २०२४ मध्ये ती ९ जूनला आली, २०२५ मध्ये २९ मेला. शुद्ध पक्ष आपल्याकडे आणि उत्तरेत एकाच महिन्यात मोजतात, त्यामुळे घरचं पंचांग चालतं. अधिक ज्येष्ठ असला तर निज ज्येष्ठ धरा. २०२६ ची जयंती त्यामुळेच १७ जूनला.

दोन दिवस हाताशी ठेवा. जयंतीची सकाळ उदयपुरात, मोती मगरीवरच्या चेतकारूढ पुतळ्यापाशी. मग सुमारे ४० किलोमीटरवर हळदीघाटी. नुसतं संग्रहालय बघून परतू नका. खिंडीत उतरा, कडेचं ढेकूळ बोटांनी चुरडा: हळदीसारखी पिवळी पूड हाताला लागते. माती खिशात भरू नका, ती तिथेच शोभते. पुढे बलीचा गावातली चेतक समाधी आणि खमनोरची रक्ततलाई, जिथे १८ जून १५७६ची लढाई पेटली.

दुसरा दिवस जन्मस्थानाचा, कुंभलगडचा. पहाटेच निघा, चढ दगडी आणि उघडा आहे, दहानंतर फरशी तापते. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट हवेतच. बादल महालाकडे धावताना पागडा पोळ या दरवाजाजवळचा ‘झालिया का मालिया’ हा महाल बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. प्रताप जन्मले ते तिथेच, असं मानतात.