ह्यूस्टनला नवीन आलाय? घर बघायच्या आधी बायू बघा

बायू म्हणजे इथला संथ वाहणारा ओढा. बफेलो बायूच्या ट्रेलवर चालायला गेलात की एकदा मान वर करून बघा, पूर येऊन गेल्यावर फांद्यांना आपल्या डोक्याच्याही वर फाटक्या कॅरीबॅगा लटकलेल्या दिसतात. कोणी टांगलेल्या नाहीत त्या, पाणी तिथवर चढलेलं असतं. एरवी हाच बायू इतका संथ की वाहतोय का साचलाय तेच कळत नाही, आणि नवीन माणूस तिथेच फसतो. जमीन ताटासारखी सपाट आणि खाली चिकणमाती, मग पाणी पटकन वाहूनही जात नाही आणि मुरतही नाही.

घर घेताना शाळा सगळेच विचारतात, तुम्ही हे विचारा: घर ॲडिक्स-बार्करच्या मागे आहे का पुढे? पुराचं पाणी अडवायला 1940 च्या दशकात बांधलेली ही दोन धरणं, एरवी जवळजवळ कोरडी, आत पार्क, खेळाची मैदानं, त्यामुळे आपलं घर धरणाच्या पोटात आहे हे लोकांना माहीतच नव्हतं. 2017 च्या हार्वे वादळात मागची घरं साचलेल्या पाण्यात गेली आणि धरणांचे दरवाजे उघडल्यावर पुढची.

रियल्टर म्हणेल झोन एक्स आहे, म्हणजे सरकारी पूर-नकाशावर कमी धोक्याचा भाग, काळजी नको. माझं ऐका, तरी फ्लड इन्शुरन्स घ्या. साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर धरत नाहीत, आणि सरकारी पॉलिसी साधारण 30 दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाची बातमी आल्यावर एजंटला फोन करून काही उपयोग नाही. हरिकेन सीझन 1 जूनला सुरू होतो, तेव्हा एप्रिलमध्येच उरकून टाका. भाड्याने राहत असाल तरी सामानापुरती पॉलिसी मिळते.

गाडीचं वेगळंच. माझी पहिली गाडी अपार्टमेंटच्या बेसमेंट पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली आणि मी शहाणपणा करून पैसे वाचवायला फक्त लायबिलिटी (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) घेतलेली, एक डॉलर मिळाला नाही. पुरासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतं.

हॅरिस काउंटीची फ्लड वॉर्निंगची साइट फोनमध्ये सेव्ह करा, आपल्या जवळच्या गेजवर (पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रावर) पाणी किती चढलंय ते तिथे दिसतं. आणि जोराच्या पावसात अंडरपासमध्ये गाडी घालू नका, पुढचा पिकअपवाला गेला म्हणून तर मुळीच नाही, त्याची चाकं बघा आणि आपल्या कोरोलाची बघा.